सुरुवात आभारप्रदर्शनापासून: माईकसमोर पाय लटपटणाऱ्यांसाठी

आमच्या नागपूरच्या सोसायटीत कोजागिरीचा कार्यक्रम ठरतो तेव्हा यादीत शेवटी एक ओळ रिकामी राहते. सूत्रसंचालन कोणीतरी हौसेनं मागून घेतं, प्रास्ताविक सचिवांकडे जातं, पाहुण्यांचा परिचय कॉलेजातली एखादी चुणचुणीत मुलगी करते. आभारप्रदर्शन मात्र कोणालाच नको असतं. तोवर दूध आटलेलं असतं, आलूबोंड्यांचा वास गच्चीभर सुटलेला असतो आणि खुर्च्या सरकल्याचे आवाज सुरू झालेले असतात.

चारचौघांत बोलायला ज्याला भीती वाटते त्यानं नेमकी हीच ओळ मागून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. दोन मिनिटांचं काम. मजकूर जवळजवळ ठरलेला. ऐकणाऱ्यांचं अर्धं लक्ष ताटाकडे. आणि काही चुकलंच, तरी संपलं एकदाचं म्हणून टाळ्या पडतातच.

मला हे फार उशिरा कळलं. शाळेत असताना १ ऑगस्टला, टिळक पुण्यतिथीला, मी भाषण पाठ केलं होतं. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रमैत्रिणींनो’ इथपासून गाडी सुसाट निघाली. शेंगांच्या टरफलांपर्यंत आली आणि थांबली. बाईंनी पहिल्या रांगेतून पुढचा शब्द पुरवला, पण माझ्या कानात नुसती धडधड. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं मी माईक दिसला की चहाची व्यवस्था बघायला निघून जायची. टोचलं ते नंतर, ऑफिसात. शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं बसलेल्या मॅडम निवृत्त झाल्या. सगळे दोन-दोन शब्द बोलले आणि मी फक्त मान हलवली.

आता आम्ही सहा-सात जण रविवारी सकाळी एका गच्चीवर जमतो, पाळीपाळीनं उभं राहून बोलतो आणि मग खाली तर्री-पोहे, म्हणजे तिखट रस्सा घातलेले पोहे, खायला जातो. पुढे लिहिलंय ते त्या गच्चीवरचं आहे, थोडं वाचलेलं आहे.

अंगात काय होतं ते आधी ओळखा

नाव पुकारलं जाताच शरीर समजतं की धोका आलाय. मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथींतून अॅड्रेनालिन सुटतं. हृदय जोरात चालतं, कातडीकडचं रक्त स्नायूंकडे वळतं म्हणून तळहात गार पडतात, लाळ कमी होते म्हणून जीभ टाळूला चिकटते, आणि पोटात गोळा येतो. वाघ समोर आला असता तर हे सगळं उपयोगी पडलं असतं. समोर फक्त सोसायटीचे अध्यक्ष असतात, पण शरीराला तो फरक पटकन कळत नाही.

यातून दोन गोष्टी हाती लागतात. एक, हा तुमचा भित्रेपणा नव्हे, नेहमीची शरीरक्रिया आहे. दोन, ती सगळ्यात जोरात असते ती बोलण्याच्या अगदी आधी आणि पहिल्या काही वाक्यांत. पुढे ती आपोआप उतरू लागते. म्हणजे पूर्ण भाषणाची काळजी करण्यात अर्थ नाही. तयारी करायची ती पहिल्या मिनिटाची.

‘शांत हो, शांत हो’ असं मनाला बजावून मला तरी कधी उपयोग झाला नाही. अॅलिसन वुड ब्रुक्स या संशोधिकेनं २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की भाषणाआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आलाय’ म्हणणाऱ्यांचं बोलणं जास्त चांगलं झालं. कारण सरळ आहे. धडधड दोन्हींत असते. धडधडत्या छातीला शांततेत बसवणं अवघड, हुरूप म्हणणं सोपं. पोळ्याला बैलजोडी सजवून तोरणाखाली उभी असते, तेव्हा मालकाच्या छातीत काय कमी धडधडतं?

पाठ करू नका, पण पहिली दोन वाक्यं मात्र करा

माझं शाळेतलं भाषण पडलं ते घोकंपट्टीमुळे. अथपासून इतिपर्यंत पाठ केलेला मजकूर साखळीसारखा असतो, एक कडी सुटली की पुढचं काही हाताला लागत नाही. त्यापेक्षा असं करा. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक वाक्य तोंडपाठ. मधले मुद्दे जास्तीत जास्त तीन, प्रत्येकाचे दोन-तीन शब्द, ठळक अक्षरात एका कार्डावर.

कार्डच घ्या, लग्नपत्रिकेच्या जाडीचं. मोठा पातळ कागद हातात धरला की बोटांची बारीकशी थरथर कागदाच्या टोकाला पंख्यासारखी दिसते, ती बघून आपण आणखी घाबरतो. मोबाइलवरही लिहून नेऊ नका. ऐन वेळी स्क्रीन काळी होते किंवा मामेभावाचा फोन येतो.

माझ्या घड्याळानं मोजलं तर सावकाश मराठीत मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द होतात. म्हणजे दोन मिनिटांच्या आभाराला दोनशे-सव्वादोनशे शब्द पुरतात. नवखा माणूस पाचशे लिहून आणतो आणि मग ते संपवायला मेट्रो सुटल्यासारखा पळतो.

मोठ्यानं, उभं राहून

मनातल्या मनात म्हणून बघितलेलं भाषण नेहमीच उत्तम होतं. जीभ अडते ती प्रत्यक्ष बोलताना. म्हणून सराव उभ्यानं आणि खऱ्या आवाजात करायचा. सुरुवात दहा वेळा, पूर्ण भाषण चार-पाच वेळा. आरशासमोर उभं राहा असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. आरशात आपण आपल्याकडेच बघत बसतो, आणि सवय मोडायची आहे ती नेमकी हीच. त्यापेक्षा मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. पहिल्यांदा ऐकताना शिसारी येईल, कारण आपला आवाज आपल्याला एरवी डोक्याच्या हाडांतूनही ऐकू येतो आणि रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो. तिसऱ्यांदा ऐकताना मात्र ‘म्हणजे’ किती वेळा आलं ते मोजता येतं. माझे दोन मिनिटांत चौदा निघाले होते.

एवढा सराव कशाला, असं वाटत असेल तर रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६५ साली मांडलेलं सूत्र लक्षात ठेवा. लोक बघत असले की सवयीची गोष्ट आपण जास्त चांगली करतो आणि कच्ची गोष्ट जास्त वाईट. वर्षानुवर्षं पोळ्या लाटणारी बाई पाहुण्यांसमोर आणखी चपळाईनं लाटते, नवी सून मात्र त्याच पाहुण्यांसमोर नकाशे काढते. गर्दी तीच, फरक सवयीचा. तेव्हा निदान पहिली दोन वाक्यं पोळ्यांइतकी हातची झाली पाहिजेत.

सरावाला जागा नाही, ही सबब नागपुरात चालत नाही. संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावर इतका गोंगाट असतो की तुम्ही मोठ्यानं बोललात तरी शेजारचा कणीस खाणारा वळून बघत नाही.

नावांचा सापळा

नवखे लोक मुद्द्यांवर अडत नाहीत, नावांवर अडतात. ‘व्यासपीठावर उपस्थित’ म्हटलं की पाच माणसं, पाच पदं आणि एक घसा अडकलेला. कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास पोचा, आयोजकांकडून नावं लिहून घ्या आणि शक्य असेल तर त्या व्यक्तीलाच विचारा: ‘सर, तुमचं नाव मी असंच घेऊ ना?’ कोणालाही याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं. शिवाय तुमचा त्या माणसाशी एकदा बोलून परिचय झालेला असतो, त्यामुळे मंचावरचा एक चेहरा अनोळखी राहत नाही.

आभारात चाळीस नावांची यादी वाचू नका. गट करा: पाहुणे, वर्गणीदार, स्वयंपाकाची बाजू, मंडप आणि माईक. प्रत्येक गटात एकच खरी, डोळ्यांनी बघितलेली गोष्ट घाला. ‘ज्ञात-अज्ञात सर्व हितचिंतकांचे आभार’ हे वाक्य कोणाच्याच कानात शिरत नाही. पण असं बोलून बघा:

‘दुपारी चार वाजता पाऊस आला तेव्हा मंडपवाल्या दादांनी विचारलं, ताडपत्री टाकू का? आपण अजून ठरवतच होतो, तोवर त्यांनी टाकलीसुद्धा. आज आपण कोरडे बसलो आहोत ते त्यांच्यामुळे.’

तीन वाक्यं. ताटाकडे बघणारे लोकसुद्धा मान वर करतात. आणि डोळ्यांनी बघितलेली गोष्ट सांगताना पाठांतर लागत नाही, हा फायदा वेगळाच.

शुद्ध मराठीची भीती

ही भीती आपल्याकडे खास आहे, म्हणून इथे जरा थांबते. आमच्या गच्चीवर एक भाऊ येतात, त्यांचं इतवारीत किराण्याचं दुकान आहे. गल्ल्यावर बसले की दिवसभर बोलणं. गिऱ्हाईक तुरीच्या डाळीचा भाव ऐकून निघून जायला लागलं तर त्याला हसवून परत आणणारा माणूस. गच्चीवर उभे राहिले आणि म्हणाले, ‘सदर कार्यक्रमाचे औचित्य साधून मी आपणांस…’ आणि बंद. तीन रविवार तेच.

मी म्हटलं, ‘भाऊ, दुकानात बोलता तसं बोला ना.’

‘लोक हसतीन ना ताई. म्हनतीन, याले मराठी नाही येत.’

हा माणूस घाबरत होता तो लोकांना नाही, स्वतःच्या भाषेला. लहानपणी कोणीतरी ‘पानी नाही, पाणी म्हण’ असं चारचौघांत टोकलेलं असतं, आणि ते आयुष्यभर घशात अडकून बसतं. मग माणूस बोलताना एका डोळ्यानं विचाराकडे आणि दुसऱ्या डोळ्यानं ण-न कडे बघतो, आणि दोन्हीकडे घसरतो. नागपुरात मराठी बोलताना मध्येच हिंदी येते, ‘करून राहिलो’ येतं, ‘काहून’ येतं. समोर बसलेलेही घरी तसंच बोलतात. स्पर्धेत किंवा मुलाखतीत प्रमाण भाषा लागते हे खरं, आणि ती शिकावी. पण पहिल्या दहा वेळा उभं राहताना दोन परीक्षा एकदम देऊ नयेत. नावं आणि पदं तेवढी नीट उच्चारा. बाकी आपल्या बोलीत बोला.

चौथ्या रविवारी भाऊंनी भेसळीची हळद ओळखायची कशी ते सांगितलं. वेळ दोन मिनिटांची होती, सात मिनिटं बोलले. थांबवावं लागलं.

त्या दिवशी

खाणं हलकं. बोलायच्या आधी तर्री नको. ती नंतरचं बक्षीस म्हणून ठेवा. चहासुद्धा एकच, कारण धडधड आधीच पुरेशी असते, त्यात कॅफीनची भर कशाला. पाणी साधं, घोट-घोट. मे महिन्यातला कार्यक्रम असेल तर दुपारपासूनच पाणी पीत राहा. नागपूरच्या उन्हात कोरडा पडलेला घसा ऐन वेळच्या एका घोटानं ओला होत नाही.

रिकाम्या सभागृहात एकदा मंचावर चढून उभं राहा. पायऱ्या किती, माईक कुठे, वायर कुठून गेली आहे, तोंडावर दिवा येतो का. सुरेश भट सभागृहासारख्या मोठ्या ठिकाणी दिव्यांमुळे प्रेक्षक अंधारात जातात आणि समोर नुसता काळोख दिसतो. हे आधी माहीत असलं की दचकायला होत नाही.

माईकबद्दल एवढंच: तोंडापासून चार बोटं दूर, हनुवटीच्या किंचित खाली. त्यात फुंकर मारू नका, टकटक करू नका. जाळीवर मूठ आवळली किंवा स्पीकरच्या पुढ्यात जाऊन उभं राहिलं की तो किंचाळतो. पोडियमचा माईक उंचीला जमत नसेल तर बोलायला लागण्याआधी माईकवाल्या दादांना खूण करा आणि ते येईपर्यंत गप्प उभे राहा. टाचा उंचावून अख्खं भाषण करणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या पायांकडे बघताना भाषण ऐकायचं राहून गेलं.

तुमच्या आधीचा वक्ता बोलत असताना श्वास सुरू करा. चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर, पाच-सहा वेळा. जोर बाहेर सोडण्यावर. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते, म्हणून उच्छ्वास लांबवायचा. खोल खोल श्वास घेत राहिलात तर उलट गरगरायला लागेल.

नाव पुकारलं की सावकाश चाला. माईकपाशी पोचल्यावर दोन्ही पाय जमिनीवर सारखे टेकवा, गुडघे ताठ आवळू नका. कार्ड ठेवा, समोर बघा, एक श्वास सोडा, मग बोला. ही शांतता तुम्हाला युगासारखी वाटेल. समोरच्यांना ती जाणवतही नाही. जाणवलीच तर त्यांना वाटतं, माणूस तयारीचा आहे. ‘मी काही वक्ता नाही, सांभाळून घ्या’ हे वाक्य कृपा करून वापरू नका. लोक नीट ऐकायला बसलेले असतात. त्यांना चुका शोधायच्या कामाला आपणच लावतो.

शब्द गेला तर

जाणार. मोठमोठ्यांचा जातो. थांबा, पाण्याचा घोट घ्या, कार्डाकडे बघा. तरीही सापडलं नाही तर आत्ताच बोललेलं वाक्य पुन्हा एकदा, जरा जोर देऊन म्हणा. ऐकणाऱ्याला तो ठसवण्याचा प्रकार वाटतो. तेही जमलं नाही तर सरळ सांगा, ‘एक मिनिट, टिपण बघते.’ आकाश कोसळत नाही.

आपली घालमेल बाहेर जितकी दिसते असं आपल्याला वाटतं, त्यापेक्षा ती खूप कमी दिसते. सॅवित्स्की आणि गिलोविच या दोघांनी २००३ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केला. भाषणाआधी काही जणांना एवढंच समजावून सांगितलं की तुमची धडधड समोरच्याला दिसत नाही. त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. नुसतं ‘घाबरू नका’ सांगितलेल्यांना तेवढा फायदा झाला नाही. आम्ही गच्चीवर हे करून पाहतो. बोलणारा खाली बसला की त्यानं किती घाबरलो त्याला दहापैकी गुण द्यायचे आणि ऐकणाऱ्यांनी तो किती घाबरलेला दिसला त्याला. बोलणारा आठ-नऊ देतो, बाकीचे तीन-चार.

आणि गांधींची गोष्ट. मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिला खटला, फी तीस रुपये. उलटतपासणीला उभे राहिले, डोकं गरगरलं, एकही प्रश्न सुचेना. खाली बसले आणि दुसरा वकील करा म्हणून सांगून कोर्टातून निघून गेले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. तेच गांधी डिसेंबर १९२० मध्ये आपल्या नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात हजारोंसमोर असहकाराचा ठराव मंजूर करून घेत होते. मधली जवळजवळ तीस वर्षं कोणी सांगत नाही. त्यातली बरीच वर्षं ते दक्षिण आफ्रिकेत लहान-लहान सभांत बोलत होते.

पुढच्या पायऱ्या

दोन-तीनदा आभार मानून झाले की पाहुण्यांचा परिचय मागा. तिथे लोक थोडं जास्त ऐकतात, पण मजकूर पाहुण्यांचाच असतो. त्यानंतर प्रास्ताविक. मग पाच मिनिटं स्वतःच्या विषयावर, तुमच्या रोजच्या कामातल्या. संधी भरपूर आहेत: गणपती मंडळ, हळदीकुंकू, १९ फेब्रुवारीची शिवजयंती, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, १४ एप्रिलच्या वस्त्यावस्त्यांतल्या सभा. दोन संधींत फार तर तीन आठवडे जाऊ द्या. सहा महिन्यांचा खंड पडला की पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागतं. मी दोनदा आले आहे.

मधल्या काळात चांगलं बोलणारे ऐका. सीताबर्डीवर विदर्भ साहित्य संघात कार्यक्रम होत असतात, मागच्या खुर्चीवर जाऊन बसा. शब्द नंतर ऐकायचे. आधी बोलणारा उभा कसा राहतो, हात कुठे ठेवतो, थांबतो कुठे, ते बघा. आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलायची रीत टोस्टमास्टर्स क्लबांत असते. १९२४ साली अमेरिकेत राल्फ स्मेडली यांनी सुरू केलेली ही चळवळ आहे. ती रीत आम्ही उचलली. चिठ्ठ्यांवर विषय: ‘सावजीचा रस्सा’, ‘बर्डीवर पार्किंग’, ‘आजीची पेटी’. पार्किंगवर सगळेच अस्खलित बोलतात.

कोणाची भीती याहून खोल असते. मुलाखत, तोंडी परीक्षा, बढती हे सगळं केवळ बोलावं लागेल म्हणून सोडून दिलं जात असेल, आठवडे-आठवडे झोप उडत असेल, तर ती आभारप्रदर्शनानं जाणारी गोष्ट नाही. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. धडधड कमी करायची गोळी मित्रानं दिली म्हणून घेऊ नका. त्यातल्या काही गोळ्या दमेकऱ्यांना धोक्याच्या असतात, त्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या.

त्याच रात्री

घरी आल्यावर वहीत दोन ओळी लिहा: एक जमलेली गोष्ट, एक पुढच्या वेळी बदलायची. दोनच. दहा चुका लिहिल्या तर पुढच्या वेळी वहीच उघडवत नाही. शक्य तर एका भरवशाच्या माणसाला विचारा, पण ‘कसं झालं?’ असं नको, त्यावर ‘छान’ एवढंच उत्तर येतं. ‘मी कुठे घाई केली?’ असं विचारा.

मी पहिल्यांदा आभार मानले त्या कोजागिरीचं माझ्या वहीत पहिलं पान आहे. जमलेली गोष्ट: ‘शेवटपर्यंत उभी राहिले.’ बदलायची गोष्ट: ‘माईकवाल्या दादांचं नाव राहिलं.’ रात्रभर तेच डोक्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून माफी मागितली.

‘कोनतं नाव ताई?’ ते म्हणाले. ‘मी तं तवा जेवून राहिलो होतो.’